झाकले जाण्यापूर्वी पाहायचे काम

प्रश्न : आम्ही स्वतःच्या जागेवर एकमजली घर बांधत आहोत. नकाशे तयार आहेत आणि कंत्राटदारही ठरला आहे. परंतु आम्ही दोघेही नोकरी करतो, त्यामुळे आठवड्यातून एकदाच कामावर जाणे जमेल. रोजची देखरेख नसताना काम चांगले होईल, याची खात्री कशी करावी?

उत्तर : रोज जाता येत नाही याची फार चिंता करू नये. वीटकाम वाकडे झाले तर ते आठ दिवसांनीही दिसते आणि दुरुस्तही करता येते. जे एकदा झाकले गेले की पुन्हा दिसत नाही, त्याच्या आदल्या दिवशी मात्र हजर राहायलाच हवे. म्हणून भेटीचा वार ठरवण्याऐवजी पाया भरणे, प्रत्येक वेळी काँक्रीट ओतणे, भिंतीतील पाइपांवर प्लास्टर चढणे आणि स्नानगृहात फरशी बसणे या टप्प्यांआधी आपली भेट ठेवावी. किमान दोन दिवस आधी कळवल्याशिवाय आणि अभियंत्याने सळया तपासल्याशिवाय काँक्रीट ओतू नये, अशी अट करारातच घालावी.

यात सर्वाधिक जपावे ते स्लॅबला. सळयांचा व्यास, अंतर आणि जोडांची लांबी अभियंता पाहील. आपण सळयांखाली कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई साच्यापासून उचलून धरणारे छोटे ठोकळे, आहेत ना, हे पाहावे. स्लॅबला साधारण २० मिमी आणि कॉलमला ४० मिमी कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, ठेवतात. ते कमी पडले की काही वर्षांत सळई गंजून फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. भिंतीबाहेर आलेल्या छज्ज्याच्या मुख्य सळया वरच्या बाजूला असतात, आणि कामगारांच्या पायांखाली त्या दबून खाली गेल्या तर छज्जा दिसायला तसाच राहतो, पण त्याची ताकद गेलेली असते. काँक्रीट सहज पसरावे म्हणून त्यात जास्तीचे पाणी ओतू देऊ नये, कारण त्याने ते सच्छिद्र आणि कमजोर होते. पुढे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि मिश्र (राख किंवा स्लॅग मिसळलेल्या) सिमेंटला १० दिवस ओलावा टिकला पाहिजे. आपण नसताना हेच काम सर्वांत आधी चुकते, तेव्हा ते एकाच माणसाकडे नावानिशी सोपवावे. सेंट्रिंगचे, म्हणजे ओले काँक्रीट धरून ठेवणाऱ्या तात्पुरत्या साच्याचे आणि टेकूंचे, सामान बहुधा भाड्याचे असल्याने ते लवकर काढण्याची घाई होते. टेकू कधी काढायचे हे अभियंत्याने लेखी सांगावे.

पाइप बुजवण्यापूर्वी दाबाखाली पाणी भरून गळती पाहावी, आणि मोजपट्टी धरून प्रत्येक भिंतीची छायाचित्रे काढून ठेवावीत. स्नानगृहाच्या जलरोधक थरावर फरशीपूर्वी किमान २४ तास पाणी साठवून खालची बाजू तपासावी.

पैसे तारखेनुसार न देता पूर्ण झालेल्या टप्प्यानुसार द्यावेत आणि काही रक्कम शेवटच्या दुरुस्त्यांपर्यंत राखून ठेवावी. खर्च वाढण्यात आपलाही वाटा असतो, हे स्पष्टच सांगायला हवे : भिंत उभी राहिल्यावर खिडकी हलवण्याचा विचार मनात आला, तर आधी दर आणि लागणारे दिवस लिहून घ्यावेत, मगच होकार द्यावा. तपासणीसाठीचा अभियंता मात्र कंत्राटदाराने आणलेला नसावा. त्याची नेमणूक आपणच करावी आणि त्याचा मोबदलाही आपणच थेट द्यावा.