बिल्ला पद्मिनीचा, कागद १९६८ चे: गाडी कोणती मानावी?

आपण विचारले आहे की इंदूरच्या लोकमान्यनगरात मामांच्या घरी बरीच वर्षे उभी असलेली गाडी आता आपल्याकडे आली असून तिच्या डिकीवर ‘प्रीमियर पद्मिनी’ असा बिल्ला आहे, नोंदणी पुस्तकात मात्र ‘फियाट ११००, सन १९६८’ अशी नोंद आहे. तेव्हा गाडी नेमकी कोणती मानावी आणि गॅरेजवाल्याच्या सल्ल्याप्रमाणे तिच्यात डिझेल इंजिन बसवावे काय? माझे मत स्पष्ट आहे. कागद खरा मानावा, आणि इंजिनाला हात लावू नये.

ही मूळ फियाट ११०० इटलीत १९५३ साली आली आणि वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती १९५४ पासून जुळवली जाऊ लागली. हीच आपल्याकडची गोलसर पाठीची ‘डुक्कर फियाट’. तिच्या पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मधल्या खांबावर असत, त्यामुळे दार मागच्या बाजूला उघडे. पुढे सिलेक्ट, सुपर सिलेक्ट अशी नावे आली, पण दारांची ही पद्धत टिकून राहिली. १९६४ साली ‘डिलाइट’ आली तेव्हा सांगाडाच बदलला आणि पुढची दारे आजच्यासारखी उघडू लागली. १९७२ नंतर याच डिलाइटचे नाव काही काळ ‘प्रेसिडेंट’ झाले आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’. म्हणजे डिलाइट, प्रेसिडेंट आणि पद्मिनी यांचा सांगाडा मुळात एकच आहे, आणि म्हणूनच कुठे ठोकर लागली की डिलाइटला पद्मिनीची जाळी, बंपर किंवा बिल्ला बसवणे ही अगदी सर्रास गोष्ट होती. आपल्या गाडीची पुढची दारे नेहमीसारखी उघडत असतील आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली असेल, तर ती बाहेरून पद्मिनीचे भाग बसवलेली डिलाइट आहे असे समजण्यास हरकत नाही. जमिनीवरचा गिअर असलेली पद्मिनी अगदी शेवटच्या वर्षांतली. वीज तयार करणारा भाग जुन्या पद्धतीचा डायनॅमो आहे की नव्या पद्धतीचा अल्टरनेटर, यावरूनही काळाचा अंदाज येतो. मात्र हा भाग सहज बदलता येतो, म्हणून त्यावर एकट्यावर विसंबू नये.

खरा निर्णय होतो तो पत्र्यावर ठोकलेल्या चेसिस क्रमांकावरून. तो घासून स्वच्छ करा, परंतु सँडपेपर वापरू नका. रॉकेलचे फडके पुरेसे आहे. इंजिन ब्लॉकवरचा क्रमांकही वाचा आणि दोन्ही आकडे नोंदणी पुस्तकाशी अक्षरशः ताडून पाहा. क्रमांक जुळत नसतील, तर पुढचा एकही रुपया खर्च करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात जावे.

इंजिनाला हात न लावण्याला आता कायद्याचेही कारण आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली खासगी गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. त्यासाठी शुल्क २०,००० रुपये असून नोंदणी दहा वर्षे टिकते आणि आधीच नोंदलेल्या गाडीचा जुना क्रमांक कायम राहतो. अट एवढीच की गाडी मूळ स्वरूपात हवी. चेसिस, सांगाडा किंवा इंजिनात फेरफार झालेला नसावा. आपली १९६८ ची गाडी वयाने पात्र आहे, डिझेल इंजिन बसवले की ती पात्रता संपेल. मात्र विंटेज नोंदणीची गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच चालवता येते. सहकुटुंब ओंकारेश्वरला जाण्याची आपली इच्छा असेल, तर दर पाच वर्षांनी होणारे साधे नूतनीकरणच करावे. प्रीमियरने स्वतः १३७डी ही डिझेल पद्मिनी काढली होती हे खरे, पण ती कंपनीने तशीच घडवलेली आणि तशीच नोंदलेली गाडी होती.

आता देखभाल. मूळ इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे. ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचे. माळव्यातल्या उन्हाळ्यात या जोडीची सगळ्यात जास्त काळजी घ्यावी लागते, कारण तापलेले अॅल्युमिनियम बिडापेक्षा अधिक प्रसरण पावते आणि गाडी एकदा जरी उकळली तरी हेड वाकून गॅस्केट जाण्याची भीती असते. बरेच जण रेडिएटरमध्ये बोअरिंगचे पाणी ओततात. त्यातला क्षार आतल्या नळ्यांत बसतो आणि नुसत्या पाण्याने अॅल्युमिनियमही झिजते. डिस्टिल्ड वॉटर आणि गंजरोधक कूलंट वापरावे, रेडिएटर एकदा उघडून रॉडिंग, म्हणजे नळ्यांतून सळ्या फिरवून सफाई, करून घ्यावी आणि हेडचे नट इंजिन थंड असतानाच, ठरलेल्या क्रमाने, टॉर्क पान्याने आवळावेत. गाडी इंदूर-खंडवा रस्त्यावरचा भेरूघाट न उकळता चढली तर कूलिंग ठीक आहे असे समजावे.

पेट्रोलचा प्रश्न नवा आहे. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतली ओल शोषते, जुने रबर आणि बुचाची गॅस्केटे खाते आणि हवा-पेट्रोलचे मिश्रण पातळ करते. म्हणून गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायाफ्राम (आतला पडदा), पेट्रोलच्या सर्व नळ्या आणि कार्ब्युरेटरचा संच इथेनॉल सहन करणाऱ्या रबराचा घ्यावा. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करावा. उभ्या गाडीच्या टाकीत जुने पेट्रोल असेल, तर ते काढून टाकी धुतल्याशिवाय इंजिन सुरू करू नये.

ब्रेक चारही चाकांना ड्रमचे आहेत. मास्टर सिलिंडर आणि व्हील सिलिंडरची रबरे सगळी नवी घाला, ब्रेक ऑइल नवे भरा. पुढची चाके ज्या खिळींभोवती वळतात त्या किंगपिनांच्या निपलना नियमाने ग्रीस द्या. स्टिअरिंग जड लागते अशी तक्रार पुष्कळदा एवढ्यानेच मिटते. इंजिनात २०डब्ल्यू-५० हे साधे खनिज ऑइल चालेल.

सुटे भाग घेताना दुकानदाराला नुसते ‘पद्मिनीचा’ असे सांगू नका. जुना भाग सोबत न्या. इंदूरच्या छोटी ग्वालटोलीत शोधल्यास अजून काही मिळते, पण मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्यापासून या भागांची मागणी घटली आहे, तेव्हा चांगली वस्तू दिसली की घेऊन ठेवणेच शहाणपणाचे.

राहिला रंग, आणि तो शेवटी. चेसिस क्रमांक असला तरी या गाडीला खाली वेगळी चेसिस (चौकट) नाही, पत्र्याचा सांगाडाच सारा भार वाहतो. त्यामुळे गाडीतला पायाखालचा पत्रा, दाराखालचे उंबरे आणि जॅक लावण्याच्या जागा यांत गंज असेल तर तो कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागतो. पुट्टी भरून वरून रंग मारून देणाऱ्या कारागिराकडे गाडी देऊ नका. मूळ रंगाचा नमुना डॅशबोर्डच्या मागच्या बाजूला किंवा डिकीच्या अस्तराखाली बहुधा सापडतो. तो जपून ठेवा आणि रंग त्याच्याशी जुळवून घ्या.