‘लाइट-पाणी सगळं त्यातच’ म्हणजे काय काय?

प्रश्न : मॅडम, मी अंबाजोगाईचा. वाळूजला कंपनीत नोकरी लागली म्हणून छत्रपती संभाजीनगरात घर बघतोय. बीड बायपासला दोन वन बीएचके पसंत पडलेत. पहिल्याचे मालक महिना ११,००० मागतात. म्हणाले, “लाइट, पाणी, मेंटेनन्स सगळं त्यातच. एसी बी आहे, फक्त जपून वापरा.” दुसरा शेजारच्या इमारतीत. भाडं ८,५००, मेंटेनन्स ६००, लाइट बिल आपलं आपण भरायचं. बायको उन्हाळ्यात बाळंतपणाला माहेरी केजला जाणार आहे. पहिले मालक करार साध्या बाँडवर नोटरी करून देतो म्हणतात. कोणतं घर घेऊ?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : वाळूजला रोज जायचं तर तिथलंच बजाजनगर सोडून बायपास का, हे आधी विचारणार होते. पण कंपनीची बस दारातून जात असेल तर तुमचं तुम्हाला ठाऊक. मी वकिली करते आणि गारखेड्यातल्या माझ्या घराचा वरचा मजला भाड्यानेही देते, त्यामुळे मालक अशा वेळी काय हिशोब मांडतो ते मला घरबसल्या कळतं. तो मे महिन्याचं बिल डोळ्यासमोर ठेवतो आणि तेच बारा महिने वसूल करतो. मी त्याला दोष देत नाही, मीही तेच केलं असतं.

आता तुमचा वापर बघा. मोठा कूलर साधारण २०० वॅटचा. रोज १२ तास चालवला तरी महिन्याला सत्तर-पंचाहत्तर युनिट. दीड टनाचा एसी मात्र तासाला एक ते दीड युनिट घेतो, म्हणजे रात्री आठ तास लावला तर महिन्याला अडीचशे-तीनशे युनिट. “जपून वापरा”चा अर्थ या दोन आकड्यांच्या मध्ये कुठे बसतो, हे मालकालाच विचारा. दोन तास की सहा तास? आकडा सांगायला तो कचरला, तर समजा जूनमध्ये भांडण होणार आहे. बायको नेमकी उन्हाळ्यात केजला आणि तुम्ही दिवसभर कंपनीत. घरी कूलर लावणारा एकटा माणूस शंभर युनिटच्या आसपास राहतो आणि बिल साधारण हजाराच्या आत येतं. एसी तुम्ही लावणार नाही, पण त्याचे पैसे मात्र देणार.

दुसरी गोष्ट मीटरची. पहिल्या फ्लॅटला स्वतंत्र मीटर आहे का, की मालकाच्या एका मीटरवर तीन-चार घरं? महावितरणचा घरगुती दर टप्प्यांनी चढतो: १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा. दुसऱ्या टप्प्याचा वीज आकार पहिल्याच्या दुपटीच्या घरात जातो. चार घरं ९० युनिट वापरत असतील तर वेगवेगळ्या मीटरवर चौघंही पहिल्या टप्प्यात. एकाच मीटरवर तेच ३६० युनिट झाले, की पहिले शंभरच स्वस्त. हा वाढीव भार मालक स्वतःच्या खिशातून भरत नाही. जिन्यातला दिवा आणि बोअरची मोटार कोणत्या मीटरवर आहे तेही बघा. एक हॉर्सपॉवरची मोटार तासाला पाऊण-एक युनिट खाते. मालकाकडे मे महिन्याचं बिल मागा. त्यावर बारा आकडी ग्राहक क्रमांक आणि मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, तेवढ्यावरून सगळं कळतं.

पण विजेपेक्षा मला काळजी पाण्याची आहे. जायकवाडी भरलं म्हणून आपल्या नळाला रोज पाणी येतं असं नाही. बायपास आणि त्याला लागून असलेल्या शहरातल्याच सातारा, देवळाई भागात बऱ्याच इमारती बोअर आणि टँकरवर चालतात. एप्रिलमध्ये बोअर आटलं की “पाणी त्यातच” म्हणणारा मालक टँकरची वर्गणी मागतो. “पाणी म्हणजे बोअरचं, टँकर वेगळा” हे वाक्य माझ्या टेबलासमोर किती वेळा ऐकलंय! २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या मराठवाड्यात हा तपशील बोलण्यावर सोडू नये. प्यायचा जार तर बहुतेक कुणीच धरत नाही. दोन्ही इमारतींत वॉचमनला विचारा, मालकाला नको: मागच्या मे महिन्यात टँकर किती आले आणि प्रत्येक फ्लॅटला किती पडले?

हिशोब असा. दोन घरांतला फरक २,५००. त्यातून मेंटेनन्स ६०० आणि लाइटचे जास्तीत जास्त १,००० गेले, तर उरतात ९००. दुसऱ्या इमारतीत टँकरचे महिन्याला, वर्षाची सरासरी काढून, नऊशेच्या आत पडत असतील तर दुसरं घर घ्या. माझा कल तिकडेच आहे.

एसीवाला फ्लॅटच हवा असेल, तर करारात ११,००० ची एक रक्कम टाकू देऊ नका. घरभाडं इतकं आणि सेवांचे इतके, असं वेगळं लिहून घ्या. कारण पुढच्या वर्षी दहा टक्के वाढ मागताना मालक पूर्ण ११,००० वर लावतो, आणि तुमच्या कूलरच्या विजेचंही भाडं वाढतं. सेवांच्या ओळीत महिन्याला किती युनिटपर्यंत, त्यापुढे कोणत्या दराने, टँकर कुणाचा आणि तुम्ही सलग महिनाभर नसाल तर किती कमी, हे चारही येऊ द्या.

आणि नोटरीचं म्हणाल तर ऐकू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. खर्चही फार नाही. लिव्ह अँड लायसन्सला, म्हणजे नेहमीच्या अकरा महिन्यांच्या भाडेकराराला, मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का. अकरा महिन्यांच्या १,२१,००० वर तीनशे रुपयांच्या आसपास, डिपॉझिटमुळे किंचित जास्त. शहरात नोंदणी फी १,०००. काम ऑनलाइन होतं. त्याच कायद्याचं कलम २९ सांगतं की योग्य कारणाशिवाय मालकाला भाडेकरूचं पाणी-वीज तोडता येत नाही. बिलावरून वाद झाला की आधी फ्यूज काढणारे मालक आहेत, म्हणून हे सांगितलं.

टोकन अजून दिलं नसेल तर दोन्हीकडची बिलं बघेपर्यंत देऊ नका. किल्ली घ्याल त्या दिवशी मीटरच्या रीडिंगचा फोटो काढून मालकाच्या व्हॉट्सअॅपवर पाठवा.