आधी नोंदवही, मग निवेदन

सप्रेम आशीर्वाद.

चेंबर पुन्हा पुन्हा तुंबतं, मैला ओढ्यात जातो, तक्रार केली की तात्पुरती सफाई होते. तुला मोर्चा काढायचा आहे. जरूर काढ, पण आधी एक वही कर.

चेंबर उसळलं की तारीख, वेळ, ठिकाण, पाणी कुठवर पोचलं आणि आधीचा पाऊस केव्हा पडला, एवढं त्यात लिही. पावसाची नोंद लोक हमखास विसरतात, आणि कारणाचा माग तिथूनच लागतो. कोरड्या दिवसांत मैला वर येत असेल तर बहुधा आत काहीतरी अडलंय: थिजलेलं तेल, चिंध्या, वाइप्स, झाडांची मुळं, नाहीतर पुढचा पंप बंद आहे. पावसानंतरच येत असेल तर पावसाचं पाणी मैल्याच्या वाहिनीत शिरतंय. मग कितीही सफाई करा, गच्चीचे पाइप कुठे जोडलेत ते शोधल्याशिवाय सुटका नाही. दुर्गंधीची वर्णनं अधिकारी रोज वाचतात. अशी नोंद बाजूला सारणं त्यांना जड जातं.

वही एकट्याने भरू नकोस. 1854 साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर कॉलरा पसरला, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी तिथल्या पिण्याच्या पाण्याच्या हातपंपाला दोषी धरलं. हेन्री व्हाइटहेड या तिथल्या तरुण धर्मगुरूंना ते पटलं नव्हतं. त्यांनी स्वतः घरोघरी चौकशी केली. एका आजारी बाळाचे लंगोट धुतलेलं पाणी पंपालगतच्या मैलाखड्ड्यात ओतलं गेलं होतं, हे त्यांनीच शोधलं. लोक त्यांना ओळखत होते, म्हणून मोकळेपणाने बोलले. तूही काठावरच्या घरांत जाऊन बस. आणि सफाई कामगारांना विचार. कोणती वाहिनी कुठे अडते हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. त्यांना कोणी विचारत नाही, याचा मला फार राग येतो.

पाण्याचे नमुने दोन घे: मैला मिसळतो त्या जागेच्या वरच्या अंगाला एक, खालच्या अंगाला एक. नुसत्या खालच्या नमुन्यावरून घाण कुठून आली ते ठरत नाही. निर्जंतुक बाटल्या प्रयोगशाळेतूनच आण, नमुने बर्फात ठेव आणि ई. कोलाय (मैल्याची खूण असलेले जिवाणू) तपासणीसाठी काही तासांत पोचव. विरघळलेला प्राणवायूही मोजून घे. तो लिटरला 2 मिलिग्रॅमच्या खाली गेला की बहुतेक मासे जगत नाहीत.

एका बाबतीत मात्र माझं ऐकच. चेंबरचं झाकण तुमच्यापैकी कोणीही उघडायचं नाही. आत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू असू शकतो; तो वाढला की नाकाला त्याचा वासच येईनासा होतो आणि माणूस क्षणात कोसळतो. निवेदनातही सफाई यंत्रानेच व्हावी, माणसाला आत उतरवू नये, ही मागणी पहिल्या कलमात घाल. मसुदा झाला की पाठव, मी वाचून लगेच कळवतो.