लंडनहून एका दिवसात इंग्लंडच्या खेड्यातली जुनी चर्च पाहायची असतील तर कुठे जावं?

पूर्व इंग्लंडमधल्या सफोक परगण्यात जा. बहुतेक जण कॉट्सवोल्ड्स सुचवतील, पण तिथे गर्दी फार. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकाहून रेल्वेने इप्सविच आणि तिथे गाडी बदलून हेल्सवर्थ. पुढे टॅक्सी घ्या.

पहिलं ब्लायथबर्ग. गाव एवढंसं, चर्च मात्र पंधराव्या शतकातलं आणि प्रचंड, खाडीच्या दलदलीशेजारी उभं. आत गेल्यावर आधी वर बघा: छताच्या तुळयांवर पंख पसरलेले लाकडी देवदूत आहेत. त्यांच्यात रुतलेले छर्रे प्युरिटन, म्हणजे कट्टर प्रोटेस्टंट, सैनिकांनी झाडले असं सांगतात. खरं तर ते अठराव्या शतकात छतातल्या कावळ्यांसारख्या पक्ष्यांवर झाडलेले. उत्तरेच्या दारावर जळल्याचे काळे डाग आहेत. १५७७च्या वादळात आलेल्या काळ्या कुत्र्याचे ते पंजे, अशी दंतकथा आहे.

जवळच वेनहॅस्टन, आणि माझं मन तिथेच अडकलंय. सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट धर्मसुधारणेच्या काळात तिथल्या चर्चमधल्या फळ्यांवरचं अंतिम न्यायाचं, म्हणजे जगाच्या अंती देव माणसांचा निवाडा करतो त्याचं, चित्र चुन्याने झाकून टाकलं होतं. १८९२च्या दुरुस्तीत त्या फळ्या अडगळ म्हणून आवारात टाकल्या. रात्री पाऊस पडला, चुना धुपला आणि सकाळी चित्र समोर! मधल्या रिकाम्या आकृत्या नीट पाहा. पूर्वी तिथे क्रूसाच्या आणि संतांच्या लाकडी मूर्ती जोडलेल्या होत्या.

अशी चर्च दिवसा बहुधा उघडी असतात, प्रवेश फुकट. दानपेटीत काही जरूर टाका, छताची डागडुजी त्यावरच चालते. रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा दुपारी जा.