आरती येते, सुनेचं नाव येत नाही

प्रश्न : ताई, माझ्या सासूबाई (आम्ही त्यांना मांय म्हणतो) ७८ वर्षांच्या आहेत. त्यांना अल्झायमर आहे. दिवे लागायच्या सुमारास ‘माका घरा वचूंक जाय’ (मला घरी जायचंय) म्हणत दाराशी उभ्या राहतात. आंघोळीला रोज भांडण. माझं नाव आठवत नाही, पण गणपतीची आरती पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणतात. नणंद म्हणते, सगळं नाटक आहे. यजमानांनी मोबाईलवर दिवसभर बासरी लावून पाहिली, उलट चिडचिड वाढली. गाण्याचा खरंच उपयोग होतो का?
– एक सून, बांदोडे (गोवा)

उत्तर : नाटक अजिबात नाही. अल्झायमरमध्ये नवी आठवण साठवणारा मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, लवकर झिजतो. लहानपणापासून दर चतुर्थीला म्हटलेली आरती नुसत्या त्या भागावर उभी नसते. ती जिभेच्या आणि टाळ्या देणाऱ्या हातांच्या सवयीत मुरलेली असते, म्हणून उशिरा जाते. सून घरात आली ती कितीतरी नंतर. हे नणंदबाईंना जरूर वाचून दाखवा.

बासरीचं म्हणाल, तर ‘मनःशांती’च्या नावाखाली तासन्‌तास वाजणाऱ्या त्या प्रकारावर माझा विश्वास नाही. मांयना त्यातलं काहीच ओळखीचं नाही आणि मध्येच जाहिरात किंचाळते ती वेगळीच. १९६१ साली गोवा मुक्त झाला तेव्हा त्या तेराएक वर्षांच्या असतील. साधारण दहा ते पंचविशीतलं गाणं मनात घट्ट बसतं, तेव्हा त्या काळात शोधा. माहेर कुठलं? धालोची, म्हणजे बायकांच्या त्या लोकनृत्याची गीतं गावोगावी बदलतात, म्हणून माहेरच्या मांडावरची (धालो खेळायच्या अंगणातली) हवीत. एखादी मावसबहीण किंवा जुनी शेजारीण असेल तर तिच्याकडून गुणगुणून घ्या, फोनवर रेकॉर्ड करा. फुगडीची गाणी, देवळातले अभंग, जात्रेच्या नाटकांतली पदं, सगळं चाळा. आपण बोलतो कोंकणीत आणि देवापुढे गातो मराठीत. दोन्हीकडे काही ना काही सापडेल.

आणि गायचं तुम्ही. गळा नाही ही सबब चालणार नाही! वयाबरोबर बायकांचा आवाज खाली उतरतो, तेव्हा पट्टी खालची घ्या, लय संथ ठेवा, टीव्ही बंद करा. ‘पुढची ओळ सांगा बघू’ असं मात्र कधीच विचारू नका. शब्द चुकले तर चुकू देत.

न्हाणीच्या दारात पोचल्यावर गाणं सुरू केलंत तर उशीर झाला. खोलीतच त्यांचा हात धरून सुरू करा, गात गात न्हाणीपर्यंत या आणि तांब्या त्यांच्याच हातात द्या. मी परिचारिका असताना एका आजींना असंच न्हाऊ घालायचे. ध्रुवपद आलं की त्या आपणहून हात वर करायच्या, तेवढ्यात बगल धुऊन व्हायची. संध्याकाळचंही तसंच. ‘हेच तुमचं घर’ असं समजावून काही साधत नाही. अस्वस्थता चढायच्या आधी, पाचच्या सुमारास, वाती वळायला बसवा आणि शेजारी बसून गा.

स्मरणशक्ती परत येईल ही आशा मात्र ठेवू नका. जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात संगीतामुळे उदासी कमी होण्याची बरीच शक्यता दिसली, बुद्धीत म्हणावा असा फरक दिसला नाही. एखाद्या गाण्याला डोळे भरून आले तर लगेच थांबवू नका, हात धरून बसा. दर वेळी त्याच गाण्याने त्रास होत असेल तर ते सोडून द्या. चतुर्थीला आरतीची घुमट-शामेळ ही तालवाद्यं सुरू झाली की बंद खोलीत तो आवाज अंगावर येतो. मांयना ओसरीवर, दाराजवळ बसवा, वाटल्यास छोटी झांज हातात द्या.

एवढं करूनही चिडचिड अचानक वाढली तर लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ किंवा कुठे दुखतंय का, हे डॉक्टरांकडून आधी पाहून घ्या. कानातला मळही तपासायला सांगा.