कॅमेरा, छपाई, आता एआय. नवीन तंत्र आलं की चित्रकला संपते का? मुलीला चित्रकलेला घालावं का? असं तुम्ही विचारलंय.

चित्रकला संपत नाही. चित्रकारांच्या पोटावर पाय येतो हे खरं, पण ती वेगळी गोष्ट आहे आणि लोक दोन्हीत गल्लत करतात म्हणून लिहायला बसलोय.

माझे वडील कोल्हापुरात पेंटर होते. थेटरचे बॅनर, दुकानांच्या पाट्या, तालमीच्या गणपतीचे पडदे, सगळं करायचे. मी हाताखाली असायचो. फोटोवर पेन्सिलीनं चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी कापडावर मोठ्या करून मारायच्या, त्यासाठी निळीत बुडवलेली दोरी दोघांनी ताणून धरायची आणि मधे उचलून सोडायची, सरळ रेघ उमटते. मग एकेक चौकट बघत चेहरा वर चढवायचा. अक्षरांना मात्र फक्त वर-खाली दोन रेघा, डाव्या हातात काठी आडवी धरून तिच्यावर मनगट टेकवायचं आणि वेलांटी एका दमात ओढायची. फ्लेक्स आलं, दोन-तीन दिवसांचं काम तासाभरात व्हायला लागलं आणि वडिलांची कामं तुटली. माझ्या चुलत भावानं तेव्हा मशीन टाकलं आणि घरच्या पंगतीत सगळ्यांदेखत म्हणाला, काका, तुमची कला आता म्युझियममध्ये. वडील काही बोलले नाहीत. मला ते अजून सलतं.

आता तुम्ही म्हणता त्या कॅमेऱ्याचा इतिहास. 1839 ला पॅरिसात डागेरचं फोटोचं तंत्र जाहीर झालं आणि छोटी पोर्ट्रेट करून जगणाऱ्या चित्रकारांचा धंदा बसला, त्यातले कित्येक स्वतःच फोटोग्राफर झाले. पण हुबेहूब चेहऱ्याचं ओझं उतरल्यावर बाकीचे उजेडाच्या, रंगाच्या मागे लागले. 1841 ला जॉन रँड या चित्रकारानं रंगाच्या कथलाच्या ट्यूबचं पेटंट घेतलं, तेलरंग उघड्यावर नेणं सोपं झालं. मोने, रेन्वार वगैरे या उजेडामागं लागलेल्या चित्रकारांनी 1874 ला आपलं पहिलं प्रदर्शन भरवलं ते नादार या फोटोग्राफरच्या जुन्या स्टुडिओत!

एवढं लांब तरी कशाला जायचं, आपले बाबूराव पेंटर बघा. नाटकाचे पडदे रंगवणारा माणूस. ते आणि आनंदराव पेंटर सिनेमाच्या नादाला लागले, कॅमेरा स्वतःच बनवायला घेतला. आनंदराव 1916 ला गेले, बाबूरावांनी काम पुरं केलं आणि 1920 ला ‘सैरंध्री’ आणला. पुढं रंगवलेल्या पडद्यांऐवजी भरीव सेट त्यांनीच उभे केले, आणि सिनेमाची पोस्टरं तरीही स्वतःच्या ब्रशनं रंगवली. चित्रकाराच्या हातात यंत्र गेलं की हे होतं. नुसत्या मशीनवाल्याच्या हातात गेलं की वाढदिवसाचे फलक निघतात, चेहरे कापून एकावर एक चिकटवलेले, अक्षरं वाचता येत नाहीत.

मुलीला घाला. आधी पेन्सिलीवर हात बसू दे, मग कॉम्प्युटर, एआय काय ते शिकू दे. पैशाची हमी नाही हे पण सांगतो, वडिलांनी शेवटची वर्षं लोकांच्या घरांना रंग देऊन काढली, तेव्हा घरात दुसरी मिळकत असेल तर बरं. फ्लेक्सच्या धंद्यावर माझा राग नाही, त्यांनाही पोट आहे. पण भावाच्या दुकानात आज डिझाईनला जो पोरगा बसतो तो चित्रकलेचा डिप्लोमावाला आहे, आणि गिऱ्हाईक दारातून त्याचंच नाव घेत आत येतं. भावाला हे तोंडावर सांगितलं की तो विषय बदलतो.