डेंटल इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवलेलं दाताचं कृत्रिम मूळ) हलतोय, काढावा लागेल म्हणतात. त्याच जागी दुसरा बसतो का?

बहुतेकदा बसतो. पण आधी हलतंय काय ते बघा. वरची कॅप किंवा तिचा स्क्रू सैल असेल तर आवळून भागतं. हाडातला इम्प्लांटच डुगडुगत असेल तर मात्र काढावाच लागतो. हाड शाबूत असेल, पू नसेल, तर कधी कधी त्याच दिवशी थोडा जाड इम्प्लांट बसवतात. नाहीतर खड्ड्यात बोन ग्राफ्ट (हाडाची भर) भरून साधारण 3 ते 6 महिने थांबायचं. आमच्या आईला 5 लागले. तोवर काढ-घालीचा दात आणि दुधात कुस्करलेली भाकरी. पहिला का गेला, हे डॉक्टरांकडून नीट वदवून घ्या. वाढलेली साखर, सिगारेट, झोपेत दात खाणं, यातलं काही तसंच राहिलं तर दुसऱ्याचीही तीच गत. आणि सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा 3D एक्स-रे) बघितल्याशिवाय आगाऊ पैसे भरू नका.